छत चिकटवण्याआधी

दिवसभर मी लोकांचे दात करतो
धंतोलीत, डॉक्टर मुंधड्यांच्या मागच्या खोलीत.
दाढेची आतली बाजू कोणी पाहत नाही,
जीभ मात्र पाहते.
तिला केसभर चूक टेकडीएवढी लागते
आणि दुसऱ्या दिवशी पेशंट परत येतो.

रात्री तीच ड्रिल, तेच मेण, तोच चिमटा घेऊन
मी इतवारीच्या छोट्या गाडीचा डबा करतो,
सत्त्याऐंशीपट लहान.
सावनेर, केळवद, सौंसर करत
छिंदवाड्याला रखडत जायची, ती गाडी.
बाक जमिनीपासून सव्वापाच मिलिमीटर,
खिडकीची कडी एक मिलिमीटर अन् थोडी.
‘थोडी म्हणजे किती?’ कुंदा विचारते.
मी सांगत नाही.
मागे एकदा सांगितलं होतं.

मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो.
कूलर लावावा तर ओल्या वाऱ्यानं
रंगावर पांढरी साय धरते.
म्हणून कूलर बंद, मी बनियनवर,
घाम डब्यात पडू नये म्हणून
कपाळाला दुपट्टा गच्च बांधलेला.
खापेकर गॅलरीतून ओरडतो,
‘काहून बे, कोणाचं ऑपरेशन करून राहिला?’

संडासाचं दार उघडत नाही.
उघडणारं केलंच नाही मी.
पण आत नळ आहे,
नळाला साखळीनं बांधलेला डबा आहे,
साखळीला सतरा कड्या.
कुंदा म्हणाली, बंद दाराआड कशाला हे?
म्हटलं, बसणाऱ्याला लागली तर?
ती हसली नाही. नंतर हसली,
स्वयंपाकघरात, एकटीच.

गाडी बंद झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात
मोतीबागेकडच्या एका भंगारवाल्याकडून
बाकाची फळी घेतली मी, किलोवर.
घरी आणून उलटी केली.
बाकाच्या पोटाकडे,
जिथं फक्त ट्रंका सरकायच्या
अन् लहान पोट्टे लपायचे,
तिथं सुताराची पेन्सिल: ‘डा. ७’.
शेजारी पाच पाकळ्यांचं फूल.
मापाचं नव्हतं ते, कामाचंही नव्हतं.
एक पाकळी खोडून
पुन्हा काढलेली.

किती वेळ बसलो त्या फळीपाशी, आठवत नाही.
हा माणूस कोण, विचारायला गेलो नाही कुठे.
विचारलं असतं तरी
फुलाची नोंद कोणत्या रजिस्टरात असणार.

माझ्या डब्यात डावीकडच्या सातव्या बाकाखाली
ते फूल आहे.
अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास,
एका केसाच्या ब्रशनं काढलेलं.
ती पाकळी मीही आधी चुकवली,
मग खोडली,
मग बरोबर काढली.
त्यात तीन रविवार गेले.

काल छत चिकटवलं.
आता आतलं सगळं आतच.
मागल्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं,
तेव्हा एक गृहस्थ खूप वेळ वाकून पाहत राहिले.
माझा जीव वर आला.
मग म्हणाले, ‘छान आहे. चावीवर चालते का?’
यंदाही कोणीतरी विचारेल.
हो म्हणून सांगावं, असं ठरवलं
अन् झोपलो.

अडीचला जाग आली.
कडी.
उजवीकडच्या चौथ्या खिडकीची कडी
मी उलटी बसवली आहे.
खरी कडी वरून खाली पडायची,
माझी खालून वर जाते.
काचेवर धूळ रंगवली आहे मीच,
बाहेरून दिसायचा प्रश्नच नाही.
पडून राहिलो.
जीभ पुन्हा पुन्हा त्याच दातावर जावी
तसं मन त्या कडीवर.

उठलो. चाचपडत पातं शोधलं,
टेबलावरचा छोटा दिवा लावला, हाताआड धरून.
कुंदा कूस न बदलता म्हणाली,
‘कितवी खिडकी?’
‘चौथी,’ म्हटलं. ‘आतून.’

जरा वेळ नुसती कूलरची घरघर.
‘बंद करा मग तो,’ ती म्हणाली
आणि अंगावरची चादर पायानं सारली.